उदंचन दिवसा करा

महोदय,

उदंचन म्हणजे स्वस्त विजेने पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि गरज पडली की ते खाली सोडून वीज करायची. भंडारदऱ्याजवळचा घाटघर उदंचन प्रकल्प २५० मेगावॉटचा आहे. १२५ मेगावॉटचे दोन उलटसुलट चालणारे संच, म्हणजे एकीकडे फिरले की वीज करणारे, उलटे फिरवले की पाणी चढवणारे. एक घनमीटर पाणी ४०० मीटरवरून सोडले तर जेमतेम एक युनिट वीज मिळते, तेच पाणी वर चढवायला साधारण सव्वा युनिट लागते. म्हणूनच उपसा स्वस्त विजेवर, म्हणजे आता भर दुपारच्या सौरविजेवर व्हायला हवा. रात्री कोळशाच्या विजेने पाणी चढवण्याची जुनी सवय सोडावी.

अडचण एकच, पण मोठी: स्थिर गतीचा पंप चालतो तो जवळपास पूर्ण भारावर. ढग आला म्हणून त्याचा भार निम्मा करता येत नाही. उत्तराखंडातील टिहरीच्या उदंचन प्रकल्पात बदलत्या गतीचे संच घेतले आहेत; त्यांचा भार कमीजास्त करता येतो. नव्या प्रकल्पांच्या निविदांत निदान एक संच तसा असलाच पाहिजे. सौरविजेचे मिनिटा-मिनिटाचे चढउतार बॅटरीवर सोपवावेत.

— एक वाचक, अकोले