‘सध्या सुरू असलेल्या स्पर्धां’च्या यादीला नियम हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या संकेतस्थळाच्या क्रीडा विभागात ‘सध्या सुरू असलेल्या स्पर्धा’ अशी एक यादी असते. बातम्यांच्याही आधी मी रोज ती यादी उघडतो, कारण बातमी काल काय झाले ते सांगते आणि यादी आज कशाकडे लक्ष ठेवायचे ते सांगते. कित्येक वर्षांच्या या सवयीमुळे त्या यादीतली एक उणीव मला सतत जाणवत आली आहे. तिच्यात कोणती स्पर्धा घ्यायची, ती केव्हा घ्यायची आणि केव्हा काढायची, याचा कोणताही ठरलेला नियम दिसत नाही. एखादी व्यावसायिक साखळी स्पर्धा तेथे नऊ-दहा महिने मुक्काम ठोकते, आणि आठवडाभरात जगज्जेता ठरवणारी एखादी स्पर्धा मात्र कधी आली आणि कधी संपली याचा यादीवरून पत्ताही लागत नाही.

गोंधळाची सुरुवात आपल्या शब्दापासूनच होते. ‘स्पर्धा’ हा एकच शब्द आपण संपूर्ण ऑलिंपिकसाठी वापरतो, त्यातल्या शंभर मीटर धावण्यासाठी वापरतो आणि दोन संघांमधल्या चुरशीसाठीही वापरतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३२ खेळांत मिळून ३२९ पदकस्पर्धा झाल्या. मग यादीत नोंद एक करायची की ३२९? नोंद एकच असावी आणि तिच्याखाली त्या त्या दिवशी पदक ठरणाऱ्या प्रकारांची नावे द्यावीत, असे मला वाटते. स्वतःचा विजेता ठरेपर्यंत जी अखंड चालते, ती एक स्पर्धा आणि तिची एक नोंद, एवढी व्याख्या कामापुरती पुरेशी आहे.

‘सुरू’ या शब्दाचा अर्थ ठरवणे अधिक कठीण आहे. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेऱ्या सप्टेंबर २०२३ मध्येच सुरू झाल्या होत्या, तर ४८ संघांच्या मुख्य स्पर्धेसाठी ११ जून ते १९ जुलै २०२६ एवढाच काळ ठरवण्यात आला. पात्रता फेऱ्या धरल्या, तर विश्वचषक अडीच वर्षांहून अधिक काळ ‘सुरू’ आहे असे म्हणावे लागेल, आणि मग त्या शब्दाने वाचकाला काहीच कळणार नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे २० संघ ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत ३८० सामने खेळतात. अशा साखळी स्पर्धा वगळाव्यात असे माझे म्हणणे नाही, त्यांचा वाचकवर्ग मोठा आहे आणि त्याची आस्थाही खरी आहे, परंतु त्यांना वेगळा रकाना द्यावा, म्हणजे मुख्य यादीत या आठवड्यात, या पंधरवड्यात ज्यांचा निकाल लागणार आहे अशाच स्पर्धा राहतील.

या ठिकाणी स्पर्धेत मधेच पडणाऱ्या खंडाचा प्रश्न येतो. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत २१ टप्पे असतात आणि मधे दोन दिवस विश्रांतीचे असतात. त्या दोन दिवशी कोणीही शर्यतीत सायकल चालवत नाही, तरीही शर्यत सुरूच असते, कारण आघाडीचे सेकंद जसेच्या तसे पुढच्या टप्प्यात जातात. बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचेही तसेच. सिंगापूरमध्ये २०२४ साली डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातला पहिला डाव २५ नोव्हेंबरला झाला आणि निर्णायक चौदावा डाव १२ डिसेंबरला. मधल्या विश्रांतीच्या दिवशी ही लढत यादीतून नाहीशी झाली असती, तर ती संपली असेच नव्या वाचकाला वाटले असते. याउलट टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या दोन फेऱ्यांमध्ये काही महिन्यांचे अंतर पडते, आणि त्या सगळ्या काळात त्याला सुरू म्हणणे ही दिशाभूल ठरेल. मी दहा दिवसांची मर्यादा सुचवतो. दोन लढतींमध्ये त्याहून मोठा खंड पडत असेल, तर नोंद काढावी आणि पुढच्या फेरीला ती पुन्हा घ्यावी. आठवडाभराची मर्यादा मी मुद्दाम टाळली आहे, कारण पाच कसोटींच्या मालिकेत दोन सामन्यांमधले अंतर कधी कधी आठवड्यापेक्षा जास्त असते, आणि अशी मालिका मधेच तोडणे कोणत्याही क्रिकेटप्रेमीला पटणार नाही.

आरंभाचा दिवस उद्घाटन सोहळ्यावरून ठरवू नये. पॅरिसचा सोहळा २६ जुलै २०२४ ला झाला, पण फुटबॉल आणि रग्बीचे सामने २४ जुलैलाच सुरू झाले होते आणि तिरंदाजांची मानांकन फेरी २५ तारखेला झाली होती. पहिला बाण सुटला त्या दिवशी खेळाडूंच्या दृष्टीने ऑलिंपिक सुरू झालेले होते. तारखांबाबत आणखी एक काळजी घ्यावी लागेल. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा पहिला सामना अमेरिकेत १ जूनच्या संध्याकाळी खेळला गेला, तेव्हा भारतीय वेळेनुसार २ जूनची सकाळ होती. यादीत वाचकाची तारीख ठळक असावी आणि स्थळावरची तारीख तिच्याशेजारी द्यावी. स्पर्धेच्या नावातल्या वर्षावरून संगणकाला तारखा भरू देणे तर पूर्णपणे चुकीचे आहे, कारण टोकियोचे ऑलिंपिक आणि युरोपची फुटबॉल स्पर्धा या दोन्हींनी २०२० हे वर्ष नावात तसेच ठेवले आणि प्रत्यक्षात त्या २०२१ मध्ये झाल्या.

आता ज्या मुद्द्यासाठी मी खरे तर लेखणी हातात घेतली, त्याकडे येतो. कोणती स्पर्धा यादीत घेण्याइतकी महत्त्वाची, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? वाचकांनी किती वेळा बातमी उघडली यावरून ते ठरत असेल, तर तो निवाडा आधीच झालेला असतो. जी स्पर्धा यादीत दिसत नाही ती कोणी शोधत नाही, आणि कोणी शोधत नाही म्हणून ती पुन्हा यादीत येत नाही. २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२४ या काळात पॅरिसलाच दिव्यांग खेळाडूंचे पॅरालिंपिक झाले. त्यात ५४९ पदकस्पर्धा होत्या, म्हणजे ऑलिंपिकपेक्षा दोनशेहून अधिक. ते बारा दिवस मी रोज यादी पाहिली आणि पॅरालिंपिकची नोंद मला एकदाही दिसली नाही. बातम्या येत होत्या, छायाचित्रे येत होती, परंतु यादीच्या लेखी ती स्पर्धा चालूच नव्हती. याचे मला तेव्हा फार वाईट वाटले आणि आजही वाटते.

महिलांच्या स्पर्धांच्या बाबतीत हा अन्याय सहज नजरेत भरत नाही. २४ जुलै २०२२ रोजी पॅरिसमध्ये पुरुषांची टूर द फ्रान्स संपली आणि त्याच दिवशी, त्याच शहरात महिलांच्या टूरचा पहिला टप्पा झाला. ‘टूर द फ्रान्स’ एवढेच नाव असलेली नोंद त्या संध्याकाळी काढून टाकली असती, तर आठ टप्प्यांची एक संपूर्ण शर्यत तिच्याबरोबर पुसली गेली असती. महिलांच्या स्पर्धेला ‘महिला’ असे विशेषण लावायचे आणि पुरुषांच्या स्पर्धेला काहीच लावायचे नाही, ही पद्धतही सोडावी. दोन्ही नोंदी स्वतंत्र असाव्यात आणि दोन्हींवर तसा स्पष्ट उल्लेख असावा.

म्हणून निकष आधी लिहून ठेवावा आणि तो यादीच्या माथ्यावर वाचकांना दिसेल असा द्यावा. ज्या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ ऑलिंपिक समितीने मान्य केला आहे, त्या खेळाची वरिष्ठ गटातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, पुरुषांची असो, महिलांची असो वा दिव्यांग खेळाडूंची, तिला किती वाचक मिळतील याचा विचार न करता घ्यावी. बुद्धिबळाला खेळ म्हणावे की नाही, या जुन्या वादाचेही त्यामुळे उत्तर मिळते, कारण त्याच्या महासंघाला ही मान्यता १९९९ मध्येच मिळालेली आहे. या गाभ्यानंतर उरलेल्या जागेत वाचकप्रिय स्पर्धा, टेनिसच्या चार मोठ्या स्पर्धा, निमंत्रितांच्या शर्यती, जे संपादकांना योग्य वाटेल ते यावे. तेथे संपादकीय विवेकाला पूर्ण वाव असावा.

अंतिम सामना झाल्यावर नोंद लगेच पुसू नये, विजेत्याच्या नावासह ती दोन दिवस ठेवावी. ज्याला सामना पाहता आला नाही, तो वाचक निकाल शोधत आधी तेथेच येतो.

हे सर्व एका व्यक्तीच्या देखरेखीशिवाय होणार नाही, याची मला कल्पना आहे. क्रीडा विभागातील एका सहकाऱ्यावर ही यादी सोपवावी आणि चुका कळवण्यासाठी यादीखाली पत्ता द्यावा, अशी विनंती आहे. तो पत्ता दिलात, तर वर्षभरातील जागतिक स्पर्धांच्या तारखा पडताळून दर महिन्याला आपल्याकडे पाठवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक