मामा, ते चार फूट पाणी मीच वाढवलं होतं

कॅमेरावाले मामा,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. ऑफिसात सगळे मामाच म्हणतात, तेवढ्यावर ओळखणारे ओळखतील.

जुलैत मी इंटर्न म्हणून न्यूजरूममध्ये आले तेव्हा बातमीचे सहा ककार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं) तोंडपाठ होते. पहिले आठ दिवस त्यातला एकही कामाला आला नाही. प्रेसनोटा टाइप करायच्या आणि कुणी ‘जरा सरक गं’ म्हटलं की खुर्ची सोडायची.

मग पाऊस लागला. राजाराम बंधाऱ्यावरून पंचगंगेची पातळी सारखी यायला लागली आणि स्क्रोलला, म्हणजे टीव्हीवर खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीला, माणूस कमी पडला म्हणून मला बसवलं. आकडा आला, ३९ फूट २ इंच. मी झोकात टाइप केलं, ‘पंचगंगेने धोका पातळी ओलांडली’. तुम्ही ओल्या रेनकोटमध्येच बॅटरी चार्जिंगला लावायला आला होतात. स्क्रीनकडे बघून हळूच म्हणालात, “पोरी, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. तू चार फूट पाणी वाढवलंस बघ.”

नशीब, ओळ अजून वर गेली नव्हती. मी ‘इशारा’ केलं, आणि तुम्ही सांगितलंत म्हणून पुढे वेळही घातली, सकाळी ११. आकड्याला वेळ नसली की रात्री शिळा आकडा बघून कुणीतरी उगाच बिऱ्हाड हलवतं, नाहीतर हलवायचं राहतं, असं म्हणालात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कॅमेरा घेऊन तुम्ही त्यातच होतात, त्यामुळे मी वाद घातला नाही. डेस्कवर हे कुणाला कळलं नाही. तुम्ही कळू दिलं नाहीत, त्याचे आभार आधी.

दुसरे सुतारवाड्याचे. पाणी वाढलं की पहिल्यांदा तिथे शिरतं, हे कोल्हापुरात पोराटोरांना ठाऊक. लोक आसऱ्याला चित्रदुर्ग मठात चालले होते. माझ्या हातात पहिल्यांदाच बूम, आपला माइक. एका मावशींपुढे धरला आणि विचारलं, “काय वाटतंय तुम्हाला?” त्या म्हणाल्या, “काय वाटायचंय?” आणि गप्प. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून डोळा काढून म्हणालात, “घरातनं काय काय उचललं, ते विचार की.”

मग मावशी थांबेचनात. सिलिंडर, शेगडी, पोरांची दप्तरं, सासूबाईंच्या गोळ्या. टीव्ही माळ्यावर चढवला. पिठाचा डबा तेवढा खाली राहिला, आणि त्याची चुटपुट टीव्हीपेक्षा जास्त. तुम्ही तोवर त्यांच्या पायाशी ठेवलेल्या दप्तराचा क्लोजअप धरलात, दहा सेकंद, जराही न हलता. एडिटला कटअवे म्हणून, बोलणं चालू असताना मध्ये दाखवायला, तोच लागला. मावशींच्या बोलण्याची बाइट बारा सेकंद गेली, पिठाच्या डब्यावर संपली.

प्रमाणपत्र मिळालं. ‘काम समाधानकारक’ असं आहे, माझ्या नावाची वेलांटी तेवढी चुकलीय. कॉलेजला चालतं म्हणे.

आणि हो, पाणी उतरल्यावर मावशींकडे फॉलोअपला जायचं म्हणत होतात, ते राहूनच गेलं. परवा मी जाऊन आले. टीव्ही लागतो, पण आवाज येत नाही. डबा नवा घेतलाय, स्टीलचा, झाकण घट्ट बसणारा. कॅमेरामनला घेऊन ये म्हणाल्या, चहा राहिलाय त्याचा.

तुमची,
चार फूटवाली