एलआयएफची व्हायल खराब आहे, ‘सेल्स जिवंत आहेत ना’ हे उत्तर चालणार नाही

कस्टमर केअर आणि टेक्निकल सपोर्ट,
नमस्कार.

नव्या लॉटचं एलआयएफ (ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर, सेल्सना सिग्नल देणारं प्रोटीन) काम करत नाही असा आधी मेल केला होता, त्यावर तुमचं उत्तर आलं की फोटोत न्यूरॉन्स छान दिसतायत, फांद्याही फुटल्यात, म्हणजे प्रॉडक्ट ओके. अहो, ते जगले एनजीएफवर (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, न्यूरॉन्स जगवणारं प्रोटीन), आणि एनजीएफ आम्ही दुसरीकडून घेतो!

रॅटच्या नवजात पिल्लांच्या मानेतल्या गँग्लियनमधले (न्यूरॉन्सच्या गाठीतले) सिंपथेटिक न्यूरॉन्स आहेत हे. नुसत्या एनजीएफवर ठेवले की जगतात, वाढतात आणि नॉरअॅड्रेनालिन हे सिग्नलचं केमिकल बनवत राहतात. एलआयएफ घातलं की तेच न्यूरॉन्स हळूहळू अॅसिटिलकोलीन या दुसऱ्या केमिकलकडे वळतात, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज (नॉरअॅड्रेनालिन बनवायला लागणारं एन्झाइम) उतरतं, कोलीन अॅसिटिलट्रान्सफरेज (अॅसिटिलकोलीन बनवणारं एन्झाइम) चढतं. म्हणजे जुने मरून नवे येत नाहीत, आहेत तेच आपलं केमिकल बदलतात. हे काय आम्ही शोधलेलं नाही, 1977 मध्ये पॅटरसन आणि चुन यांनी हार्ट सेल्सच्या कल्चरमधलं वापरलेलं मीडियम घालून हा बदल दाखवला होता, आणि त्या मीडियममधला फॅक्टर एलआयएफच आहे हे 1989 ला कळलं. मग एलआयएफ विकणाऱ्यांनी सेल्स जिवंत आहेत का एवढंच बघावं?

एकाच दिवशी काढलेले न्यूरॉन्स, तेच मीडियम, तेच एनजीएफ. तुमच्याच जुन्या लॉटच्या उरलेल्या एलआयएफने बदल दिसला, नव्या लॉटच्या वेल्स एलआयएफ न घातलेल्या कंट्रोलसारख्याच राहिल्या. डोस वाढवूनही तेच. आता यात आमचं टेक्निक कुठे चुकलं ते तुम्हीच सांगा.

माझा संशय पार्सलवर आहे. लिक्विड माल, डब्यावर ड्राय आइसचं लेबल, आत ड्राय आइसचा तुकडाही नव्हता आणि व्हायल पूर्ण वितळलेली. फोटो त्याच दिवशी पाठवलेत, त्यावर एका अक्षराचं उत्तर नाही! सर्टिफिकेटवरचा एम1 सेल्सचा (उंदराच्या ल्युकेमियाच्या सेल्सचा) अॅक्टिव्हिटी टेस्ट खरा असेलही, पण तो माल तुमच्याकडून निघायच्या आधीचा.

तर नव्या लॉटचं रिप्लेसमेंट नको, पूर्ण रिफंड द्या, कुरियरचा टेंपरेचर रेकॉर्ड पाठवा, आणि या लॉटची तुमच्याकडे राखून ठेवलेली व्हायल तपासून रिपोर्ट द्या. तोपर्यंत आमच्या लॅबची पुढची ऑर्डर थांबवलीय, आणि खरेदी विभागालाही हा मेल सीसी केलाय.