बाबा, व्हिडिओ जागेवरच आहे

पुणे
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

व्हिडिओ काही केल्या डाउनलोड होत नाही म्हणून काल फोनवर बाबा तीनदा म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय." ते ऐकल्यापासून मनातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी केलेला चार मिनिटांचा व्हिडिओ लॅपटॉपमध्ये नाहीच मुळी. तो त्या डिझाइनच्या ॲपमध्ये, तुमच्या खात्यात आहे. टॅब बंद झाला, लाइट गेली, तरी तो पुसला जात नाही. मी इथून तुमच्या खात्यात शिरून तो उतरवून घेऊ शकते. पण पंधरा दिवस खपून फोटो लावलेत तुम्ही. तो तुमच्याच हातून उतरावा असं मला फार वाटतं.

डाउनलोडचं बटण दाबलं की दोन कामं होतात. आईच्या भाषेत सांगायचं तर आधी स्वयंपाक, मग डबा. तिकडचा सर्व्हर, म्हणजे ॲपवाल्यांचा संगणक, एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी ३० चित्रं जोडतो. चार मिनिटांची झाली ७,२००! त्यावर आवाज बसवायचा. हे सगळं झालं की मग फाइल ब्राउझरमधून तुमच्याकडे येते. त्यामुळे गाडी कुठे अडते, ते आधी बघा.

टक्के वाढता वाढता दरवेळी एकाच आकड्याला थांबत असतील, तर बहुतेक व्हिडिओतलं एखादं पान जड झालंय. माझा संशय वाड्याच्या त्या मोठ्या क्लिपवर आहे. डाउनलोडच्या चौकटीत सगळ्या पानांऐवजी आधी फक्त पहिली अर्धी पानं निवडा, मग उरलेली. जो अर्धा अडेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. पान सापडलं की ती क्लिप काढून थोडी लहान करून टाका. तोवर चित्राचा दर्जा १०८०ऐवजी ७२० निवडून बघायलाही हरकत नाही.

शंभर टक्के होऊनही फाइल दिसली नाही, तर कंट्रोल आणि जे एकत्र दाबा, डाउनलोडची यादी उघडेल. तिथेही नसेल तर ब्राउझरनेच अडवलंय असं समजा. पत्त्याच्या पट्टीच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून त्या साइटच्या सेटिंगमध्ये जा आणि पॉप-अपला व आपोआप होणाऱ्या डाउनलोडला परवानगी द्या. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन दादाने टाकलंय, ते तेवढ्यापुरतं बंद ठेवा. तरीही जमलं नाही तर कॅशे आणि कुकीज, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली माहिती, पुसून बघा. त्याने व्हिडिओला धक्का लागत नाही, फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं. पासवर्ड आईच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर आहे.

पण मला वाटतं, खरी अडचण लॅपटॉपचीच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्यावर विंडोज ७ दिसलं. मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले, आणि त्यावर चालणारं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं, २०२३ सालचं. अशी ॲप्स नवा ब्राउझर धरून बनवलेली असतात. जुन्यात पान उघडतं, फोटो हलतात, आणि नेमकं शेवटी अडतं. कपाटात दादाचा विंडोज १०चा लॅपटॉप आहे. तो काढा, क्रोम अपडेट करा, त्याच खात्याने लॉगिन करा. तुमचा व्हिडिओ समोर दिसेल. उतरत असताना झाकण मिटू नका, लॅपटॉप झोपला की डाउनलोड तुटतं.

आता आवाजाचं. गेल्या आठवड्यात एकदा फाइल उतरली आणि त्यात आजीची जात्यावरची ओवी ऐकूच आली नाही. तुम्ही किती हळहळलात, आईने सांगितलं. ओवी गेलेली नाही, बाबा. फाइल लहान व्हावी म्हणून तुम्ही जिफ निवडलं होतं, आणि जिफमध्ये आवाज मावतच नाही, फक्त हलती चित्रं. या वेळी प्रकारात एमपी४ निवडा. शिवाय तिच्या आवाजाचं मूळ रेकॉर्डिंग आईच्या फोनमध्ये आहे, त्याची एक प्रत मी माझ्याकडे जपून ठेवलीय.

फाइल आली की पेन ड्राइव्हवर घ्या आणि हॉलच्या टीव्हीला लावून आदल्या दिवशीच बघा. मला व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जाऊन पुसट होतं. आजोबांचा तो सायकलवरचा फोटो आधीच किती पुसट आहे.

उद्या रात्री साडेआठला फोन करते. तुम्ही लॅपटॉप उघडून बसा, मी फक्त ऐकत थांबेन. आई, तोवर आजीला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुमची,
ताई