नॉरफेअरचा लाव्हा बंद करायला सांगू नका

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत घरच्यांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेम्सवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. मराठी पेपरात सुपर स्मॅश ब्रदर्सवर अर्धं पान आलेलं बघून इतकं बरं वाटलं की कात्रण काढून फ्रिजवर लावलंय. पण त्यात आईवडलांना एक सल्ला दिलाय, की खेळायला बसायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन स्टेजवरचे, म्हणजे लढाईच्या जागेवरचे, धोके बंद करून टाका, नॉरफेअरसारख्या स्टेजवर लाव्हा येतो आणि सगळा नशिबाचा खेळ होतो, धोके बंद केले की निव्वळ कौशल्य उरतं. हे वाचल्यापासनं मला राहवत नाहीये म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, जागा असेल तेवढं छापा.

आधी एक दुरुस्ती. नॉरफेअर ही या मालिकेतल्या 2018 च्या अल्टिमेट या गेममध्ये नवीन आलेली स्टेज नाही. ती पहिल्यांदा आली 2008 साली, निंतेंडोच्या वी कन्सोलवरच्या ब्रॉल या आधीच्या गेममध्ये, आणि मी ती तेव्हापासनं खेळतेय. आमच्या पुण्यातल्या हॉस्टेलवर एका मैत्रिणीच्या मावसभावानं अमेरिकेतनं वी आणून दिला होता, चौघीजणी एका खोलीत, टीव्ही उधार आणलेला, परीक्षा संपली की रात्र रात्र चालायचं.

ज्यांनी हा गेम बघितलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निंतेंडोच्या वेगवेगळ्या गेम्समधली पात्रं एकमेकांशी लढतात, मारिओ, पिकाचू, लिंक, कर्बी, आणि नंतर नंतर तर दुसऱ्या कंपन्यांचे सॉनिक, पॅकमॅन, मेगामॅनसुद्धा आले. 1999 साली पहिला गेम आला तेव्हा 12 जण होते, आता अल्टिमेटमध्ये 80 च्या वर आहेत. बाकी फायटिंग गेममध्ये कसं, वर एक पट्टी असते आणि मार बसला की ती कमी होत जाते, इथे तसं नाहीये. इथे मार बसला की टक्के वाढतात, आणि टक्के जितके जास्त तितका पुढचा फटका तुम्हाला लांब उडवतो, आणि उडून स्क्रीनच्या बाहेर गेलात की बाद. म्हणजे या खेळात जमीन फार महत्त्वाची आहे. पायाखाली काय आहे, कडा कुठे आहे, परत येऊन कुठे पकडता येईल, अर्धा खेळ तोच आहे. म्हणूनच स्टेज म्हणजे नुसतं मागचं चित्र असं समजलं की तिथेच चुकतं.

आता नॉरफेअर. हे नाव मेट्रॉइडमधनं आलंय, 1986 चा निंतेंडोचा गेम, त्यात झेबेस नावाचा ग्रह आहे आणि त्याच्या पोटातला तापलेला भाग म्हणजे नॉरफेअर. 1994 च्या सुपर मेट्रॉइडमध्ये तर तिथल्या तापलेल्या खोल्यांमध्ये उष्णतेपासनं वाचवणारा वेरिया सूट न घालता नुसतं उभं राहिलं तरी एनर्जी भराभर उतरते, आणि सूट मिळाला तरी लाव्हात पाय पडला की भाजतंच. ज्यांनी तो खेळलाय त्यांना ती घुसमट आठवत असेल. स्मॅशवाल्यांनी ती घुसमट लढाईच्या स्टेजवर कशी आणली ते बघा. पाच प्लॅटफॉर्म, सगळे हवेत, सगळे असे की खालनं उडी मारून वर येता येतं आणि वरनं खाली उतरता येतं, सलग मोठी जमीन कुठेच नाही. आणि मग लाव्हा. कधी तो खालनं चढतो आणि खालचे प्लॅटफॉर्म गिळतो, मग सगळ्यांना वर दाटीवाटीनं लढावं लागतं. कधी बाजूनं येतो आणि अर्धी स्टेज खातो, मग सगळे दुसऱ्या अर्ध्यात. कधी मागनं त्याचे फवारे उडतात. आणि कधी मागच्या अंधारातनं एक प्रचंड लाट उठते, ती सगळ्या स्टेजवरनं जाणार असते, आणि तेवढ्यात एका प्लॅटफॉर्मवर एक कॅप्सूल येते, तिच्यात शिरलात तर वाचलात.

यातलं काहीही न सांगता येत नाही हो. लाट दिसते. लांबनं दिसते. खालचा लाव्हा चढताना दिसतो. तुम्ही समोरच्याला मारण्यात इतके गुंग असाल की मागे बघितलंच नाही, तर त्याला नशीब कसं म्हणायचं? आमच्याकडे लहानपणी दगड का माती खेळायचो, ज्याच्यावर राज्य तो विचारणार दगड का माती, आपण दगड म्हटलं की माती त्याची, माती म्हटलं की दगड त्याचा, मग आपण पळताना पाय कुठे ठेवायचा हे डोळ्याच्या कोपऱ्यातनं सतत बघत राहायचं. नॉरफेअर म्हणजे तेच, फक्त राज्य कायम लाव्हावर, आणि कुठली जमीन त्याची हे तो मधे मधे बदलत राहतो. दगड का मातीत आउट झालेल्या कुणी असं म्हटलेलं मला आठवत नाही की जमीनच काढून टाका.

आणि अजून एक बारीक गोष्ट, जी खेळल्याशिवाय कळत नाही. लाव्हाचा फटका तुम्हाला वर उडवतो. म्हणजे टक्के कमी असतील, तुम्ही खाली पडत असाल, उड्या संपल्या असतील, तर तोच लाव्हा भाजतो पण परत वर फेकतो आणि जीव वाचतो. टक्के जास्त असतील तर तोच लाव्हा वरनं बाहेर काढतो. एकच गोष्ट कुणासाठी कधी वाचवणारी आणि कुणासाठी कधी मारणारी, आणि कुठली ते तुमच्या आत्तापर्यंतच्या खेळावर ठरणार. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी किती विचार केला असेल. आणि कुणाला सवलत नाही, नॉरफेअरमधनं फिरून आलेल्या सॅमसला, म्हणजे मेट्रॉइडच्या नायिकेलासुद्धा लाव्हा तसाच लागतो जसा पिकाचूला.

या कल्पनेचं घराणं जुनं आहे. 1999 च्या पहिल्या गेममध्ये प्लॅनेट झेबेस स्टेजवर खालनं आम्ल चढायचं उतरायचं. 2001 च्या मेली या स्मॅश गेममध्ये ब्रिन्स्टार ही स्टेज आली, तिथे आम्ल तर आहेच पण स्टेज जोडून ठेवणारं जे मांसासारखं आहे ते मारून मारून तोडता येतं, मग मधला भाग दुभंगतो आणि थोड्या वेळानं परत जुळतो. म्हणजे माझ्या मते नॉरफेअर काही अचानक सुचलेली गंमत नाही, स्मॅशचे दिग्दर्शक साकुराई आणि त्यांच्या टीमनं एकच कल्पना तीन गेममध्ये घासत नेली, की हा ग्रह खेळाडूंना कधी आपला म्हणत नाही.

आता तो "निव्वळ कौशल्य"वाला मुद्दा, ज्याच्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं. लेखात असं धरून चाललेत की सपाट स्टेज म्हणजे निःपक्षपाती स्टेज. तसं नाहीये. 2014 च्या गेममध्ये ऑनलाइन खेळायला फॉर ग्लोरी म्हणून एक मोड होता, त्यात फक्त फायनल डेस्टिनेशनसारख्या सपाट स्टेज मिळायच्या, धोके नाहीत, प्लॅटफॉर्म नाहीत, काही नाही. तिथे लिटल मॅकनं किती जणांना रडवलं हे त्या काळात खेळलेल्या कुणालाही विचारा. लिटल मॅक हा पंच-आउटमधला बॉक्सर, जमिनीवर भयंकर जोरात, हवेत मात्र एकदम दुबळा. त्याला लांबलचक सपाट जमीन दिली म्हणजे त्याला घरचं मैदान दिलं. त्याला नॉरफेअरवर आणा, तिथे चार पावलं टाकली की कड येते. मग यातली निःपक्षपाती कुठली? दोन्ही कुणाच्या ना कुणाच्या बाजूच्या आहेत, फक्त सपाट जमिनीचा पक्षपात डोळ्याला दिसत नाही.

आमच्या भागात कुस्तीचं वेड आहे म्हणून पटकन तेच आठवतं. महाराष्ट्र केसरीला माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा, आणि दोन्हीकडचे जिंकलेले शेवटी एकमेकांशी लढतात. गादीवरचा पैलवान खरा आणि मातीवरचा नशीबवान असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का कोल्हापूर-सांगलीत.

माझा भाचा तेरा वर्षांचा आणि भाची नऊ. गेल्या सुट्टीत दोघं आमच्याकडे होते. भाचा कायम लिटल मॅक घेणार आणि कायम फायनल डेस्टिनेशन लावणार, कारण घरी त्याला कुणीतरी सांगितलेलं की खरे प्लेयर तिथेच खेळतात. भाची कर्बी घ्यायची. ती सलग अकरा मॅच हरली, कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि आजीकडे स्वयंपाकघरात जाऊन बसली, रडली वगैरे नाही, नुसती गप्प झाली, आणि ते मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं आज नॉरफेअर, धोके चालू. भाचा कुरकुरला. पहिल्या मॅचला दोघंही भाजले. दुसरीच्या मधेच भाचीनं मारामारी सोडून दिली आणि मागे बघायला लागली, मागे म्हणजे स्क्रीनच्या खोल आतल्या बाजूला, आणि एकदम ओरडली मावशी येतंय बघ. कर्बीला हवेत ओळीनं पाच उड्या मारता येतात, ती टुणटुण करत कॅप्सूलपर्यंत पोचली, आणि मॅक राहिला टोकाच्या प्लॅटफॉर्मवर, नव्वदच्या वर टक्के, लाट आली आणि तो गेला. तिनं एक ठोसा न मारता त्याचा एक जीव घेतला. तोंड बघण्यासारखं झालं होतं तिचं.

त्या दिवशी दहापैकी चार ती जिंकली, सहा तो. म्हणजे तो चांगला खेळतो हे नॉरफेअरनं लपवलं नाही. पण तीसुद्धा काहीतरी चांगलं करते, आजूबाजूला बघते, वाट बघते, जागा धरून ठेवते, हे सपाट स्टेजवर अकरा मॅच खेळूनही दिसलं नव्हतं ते इथे दिसलं. आणि भाचा पण शिकला. तिसऱ्या दिवशी लाट दिसली की तो तिच्या आधी कॅप्सूलकडे धावायला लागला, मग ती त्याला वाटेतच अडवायला लागली, मग त्याच्यावर त्यानं आणखी काहीतरी काढलं. लेखात ज्याला कौशल्य म्हटलंय ते याहून वेगळं काय असतं मला खरंच कळत नाही.

धोक्याची प्रत्येक स्टेज चांगली असं मी म्हणत नाहीये. द ग्रेट केव्ह ऑफेन्सिव्ह म्हणून एक अवाढव्य स्टेज आहे, तिथे काही जागा अशा आहेत की तुमचे टक्के 100 किंवा वर असतील आणि नुसता स्पर्श झाला की तिथल्या तिथे बाद, ते मला आवडत नाही, तिथे परत यायला वाव राहत नाही. ब्रॉलमधल्या पोर्ट टाउन एरो डाइव्हवर पकडायला कडाच नाहीत आणि वर गाड्या येऊन उडवतात. आणि स्पर्धावाल्यांचं म्हणणंही मला कळतं. ब्रॉलच्या काळात मेटा नाइट हे पात्र ब्रिन्स्टार आणि नॉरफेअरसारख्या स्टेजवर आवरेनासं व्हायचं, इतक्या उड्या, वर हवेत तरंगत जाणं, लटकायला कडाच कडा, समोरच्यानं करायचं काय. जिथे बक्षिसाचे पैसे आहेत तिथे त्यांनी असल्या स्टेज यादीतनं काढल्या तर त्यांचा हक्क आहे. पण मला त्यातही एक वाटतं, की तिथे दुखणं मेटा नाइट होता, लाव्हा नव्हता. अमेरिकेत शेवटी खुद्द मेटा नाइटवरच बंदी घालायचा निर्णय झाला होता यातच काय ते आलं.

तुमचा लेख मात्र स्पर्धावाल्यांसाठी नव्हता, तो घरच्यांसाठी होता, आजोबा, आत्या, नऊ वर्षांची मुलगी, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा कंट्रोलर धरलाय असा काका. नेमकं तिथेच लाव्हा बंद करायला सांगणं म्हणजे ज्यांना त्याचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांच्याकडनंच तो काढून घेणं. अल्टिमेटमध्ये धोके बंद करायची सोय आहे ही चांगलीच गोष्ट आहे, आधीच्या गेम्समध्ये असं एक बटण नव्हतं. पण ते बंद केलं की नॉरफेअरवर उरतं काय, पाच फळ्या हवेत लटकलेल्या आणि खाली काहीच होत नाही. ज्या कारणासाठी ते प्लॅटफॉर्म तसे मांडलेत ते कारणच निघून जातं.

म्हणून विनंती एवढीच आहे की पुढे कधी या विषयावर लिहिलंत तर स्टेजवर पण लिहा, नुसत्या पात्रांवर नको. आपण नाटकाच्या परीक्षणात नेपथ्यावर दोन ओळी लिहितोच ना, मग जिथे नेपथ्यच उठून अंगावर येतं तिथे तर चार लिहायला पाहिजेत. आणि लेखाबरोबर जो सपाट स्टेजचा फोटो होता त्याच्याऐवजी एकदा नॉरफेअरचा द्या, मागची लाट अर्ध्यात असतानाचा, सगळे कॅप्सूलकडे पळतायत असा.

शब्दांची अडचण येत असेल तर आमच्या घरात शब्द तयार झालेत. खालनं लाव्हा चढला की भाची त्याला भरती म्हणते, उतरला की ओहोटी, मागनं येते ती मोठी लाट, आणि कॅप्सूलला दोघंही डबा म्हणतात, "डबा आला डबा आला" असं ओरडत सुटतात. लेखात वापरायचे असतील तर खुशाल वापरा, आमची काही हरकत नाही.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली