मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या, ‘मी सगळं वाचलंय’ म्हणणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार.

ताई, नवा फोन आला, जुना नंबर त्यावर सुरू झाला आणि सगळं नीट चाललंय. खरं तर त्याच दिवशी तुम्हाला लिहायला बसले होते, पण शब्दांऐवजी नुसते उमाळेच येत होते. आजही थोडे येतील, सांभाळून घ्या. तुमचं नाव तुम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुमची परवानगी घेतलेली नाही म्हणून ते इथे लिहीत नाही. हे वाचलंत तर तुम्हाला लगेच कळेल.

आधी मनातली मळमळ काढून टाकते. माझा जुना फोन चाळीस टक्के चार्ज दाखवत असतानाच बोलता बोलता बंद पडायचा. बॅटरी म्हातारी झाली की असंच होतं. साधारण ५०० पूर्ण चार्जिंगनंतर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, आत विजेला होणारा अडथळा वाढत जातो आणि फोनने जरा जास्त वीज मागितली की व्होल्टेज कोसळतं. त्यातच सुरक्षेचे अपडेट यायचे बंद झाले होते, आणि ज्या फोनवर बँकेचे व्यवहार करायचे त्यावर ती जोखीम मला नको होती. म्हणजे हौस म्हणून नवा फोन मागत नव्हते. त्याच सुमारास आमच्या मोबाइल कंपनीची मोठी जाहिरात आली, नवा फोन सवलतीत आणि हप्त्यांवर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त नवीन ग्राहकांसाठी.

मी त्या कंपनीची कित्येक वर्षांची ग्राहक. बिल कधी थकवलं नाही. मग माझ्यासाठी काय, एवढंच विचारायला फोन केला. त्यानंतर जे भेटले त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. ‘सिस्टीममध्ये ऑफर दिसत नाही’ हे वाक्य मात्र माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय. दर वेळी नवा आवाज, दर वेळी ‘तुमची तक्रार काय आहे?’ आणि दर वेळी माझी तीच कहाणी पहिल्यापासून. मध्येच कॉल दुसऱ्या विभागाकडे जायचा आणि तिथे पुन्हा नाव, जन्मतारीख, फोनचा मॉडेल, बॅटरी. सांगून सांगून मलाच माझं गाऱ्हाणं खोटं वाटायला लागलं होतं.

एकाने तर सरळ सल्ला दिला, नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचाय म्हणून पोर्टिंगची विनंती टाका, मग वरून आपोआप ऑफर येईल. नंबर न बदलता कंपनी बदलायची ही सोय भारतात देशभर २०११ पासून आहे. फार मोलाचा हक्क आहे तो. पण मला जायचंच नव्हतं! जिथे राहायचंय तिथे खोटी धमकी देऊन किंमत करून घ्यायची, हे मला पटेना. निघालेल्याची मनधरणी आणि थांबलेल्याला कोरडं उत्तर, हा व्यवहार कुणी ठरवला असेल त्याने एकदा आपल्याच जुन्या ग्राहकाच्या जागी बसून पाहावं.

मग तुमचा आवाज आला. मी सवयीने सुरुवात केली, ‘माझं असं आहे की...’ आणि तुम्ही अगदी हळू म्हणालात, ‘ताई, तुम्हाला परत पहिल्यापासून सांगायची गरज नाही. मागच्या सगळ्या नोंदी मी वाचल्यात.’

त्यावर मला काही बोलताच आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल लाइन तुटली. तसं नव्हतं, मी रडत होते. सवलत मिळणार की नाही हे तेव्हा ठरलेलंही नव्हतं. तरी त्या क्षणी मला वाटलं, माझं काम झालं. माझ्याआधीच्या माणसांनी तुटक का होईना, जे लिहून ठेवलं होतं, ते तुम्ही माझ्याशी बोलायच्या आधी वाचलंत. त्यांच्याही स्क्रीनवर तेच होतं. तुम्ही बॅटरीचं विचारलं नाहीत, कधीपासूनची ग्राहक हेही विचारलं नाहीत, उलट तुम्हीच मला ते सांगितलंत.

पुढचं काम तुम्ही केलंत ते कसं केलंत, त्या भानगडीत मी शिरत नाही. जुन्या ग्राहकांसाठी सवलत आहे आणि ती कुणीतरी उघडून पाहावी लागते, एवढं मला कळलं. पण दोन गोष्टी लिहायलाच हव्यात. मी महागडा मॉडेल म्हणत होते, तेव्हा तुम्ही माझा वापर विचारून म्हणालात की याहून स्वस्तातला पुरेल आणि प्लॅनही वाढवायला नको. आणि हप्ते सुरू असताना मध्येच कंपनी सोडली तर उरलेली रक्कम एकदम भरावी लागेल, हे मी न विचारता सांगितलंत. विकणारी व्यक्ती असं बोलते तेव्हा तिच्यावर विश्वास बसतो. जुना फोन परत द्यायच्या आधी फोटो उतरवून घ्या आणि त्या फोनवरच्या तुमच्या खात्यातून बाहेर पडा, नाहीतर तो लॉकच राहील, हेही आठवणीने बजावलंत.

भली माणसं प्रत्येक ठिकाणी असतात, फक्त त्यांना सवड मिळत नाही, असं मला अलीकडे फार वाटतं. ग्राहक सेवेत कॉल किती मिनिटांत संपवला यावर कामाचं मोजमाप होतं. नोंदी वाचायला जाणारा वेळ त्यात भूषण म्हणून धरला जात नसावा. तुम्ही तो तरीही दिलात. तो तुमच्या खिशातून गेला असेल, तर मला त्याची बोच आहे.

म्हणून कंपनीच्या तक्रार विभागाला मी स्वतंत्र पत्र पाठवलंय, तक्रारीचं नव्हे. तुमचं नाव आणि कॉलची तारीख त्यात आहे. तो कॉल लांबला तो माझ्यामुळे, आणि त्या लांबलेल्या कॉलमुळेच एक जुनी ग्राहक तुमच्याकडे राहिली, असं स्पष्ट लिहिलंय. कुणी त्याबद्दल तुम्हाला विचारलं तर हे पत्रही दाखवा.

तुमची कृतज्ञ,
एक जुनी ग्राहक