पहिली ओळ वाचायला लावणाऱ्या ताईंना

ताई,

त्या रात्री फोन ठेवताना मी नुसतं "थँक्यू" म्हणालो. ते फारच तोकडं होतं, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण ह्याच खड्ड्यात रोज कुणी ना कुणी पडत असणार.

कंटेनरची इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) हलकी करायची म्हणून मी डेबियन ह्या लिनक्सवरून अल्पाइन ह्या छोट्या लिनक्सवर गेलो आणि त्या इमेजमधून चालणारा कंटेनर उठेचना. 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', सोबत माझ्याच एंट्रीपॉइंट स्क्रिप्टचं (कंटेनर सुरू होताना पहिली चालणारी फाइल) नाव. फाइल तर जागेवर दिसत होती! तुम्ही एवढंच विचारलंत, "पहिली ओळ काय आहे?" मी वाचलं: #!/बिन/बॅश, म्हणजे ही स्क्रिप्ट बॅश ह्या शेलने (आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) चालव. "आणि त्या इमेजमध्ये बॅश आहे का?"

नव्हता. अल्पाइनमध्ये /बिन/एसएच हा शेल म्हणजे बिझीबॉक्स ह्या छोट्या साधनसंचाचा अ‍ॅश. बॅश आपण घातल्याशिवाय येत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) #! बघून पुढे लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, उघडायला जातो. तो सापडला नाही तरी एरर तीच येते, नाव मात्र स्क्रिप्टचं छापलं जातं.

मग मी घाईघाईने बॅशच्या जागी एसएच लिहिलं. लगेच नवी तक्रार: सिंटॅक्स एरर, कंस अनपेक्षित. मी अ‍ॅरे (एकाच नावाखाली अनेक मूल्यं) वापरला होता, आणि तो अ‍ॅशला कळत नाही. एसएच हे बॅशचंच छोटं नाव, अशी माझी समजूत होती. उबुंटूवर तर 2006 पासून एसएच म्हणजे डॅश हा वेगळाच शेल आहे. तुम्ही हसला नाहीत. "अख्ख्या स्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे किती?" एकच होता. तो काढून स्क्रिप्टच्या स्वतःच्या अर्ग्युमेंट यादीवर, म्हणजे 'सेट --' आणि "$@" वर, काम भागवलं, शेवटी एक्झेक (शेलच्या जागी प्रोग्राम चालू करणारी आज्ञा) ठेवलं, संपलं. बॅशची खरोखर गरज असेल तर तो इमेजमध्ये घालायचा आणि पहिल्या ओळीत तसं सरळ लिहायचं, हा तुमचा निकाल मी अजून पाळतो.

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश कधी लिहायचं, हेही तुमच्याचकडून कळलं. बॅशच्या अधिकृत इमेजमध्ये तो /यूएसआर/लोकल/बिनमध्ये असतो, तिथे एन्व्ह (प्रोग्राम नावावरून शोधून चालवणारी आज्ञा) त्याला शोधून काढतो. पण त्याच ओळीत पुढे -ई (चूक होताच थांब) चिकटवलं की लिनक्स 'बॅश -ई' हे एकच नाव समजून देतो आणि एन्व्ह ते शोधत बसतो. म्हणून 'सेट -ई' आता दुसऱ्या ओळीत.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच एरर आली. ह्या वेळी /बिन/एसएच जागेवर होतं. तुम्हाला फोन न करता पहिली ओळ न दिसणाऱ्या अक्षरांसकट छापून बघितली: शेवटी ^एम, म्हणजे इंटरप्रिटरच्या नावाला चिकटलेलं एक जास्तीचं अक्षर. विंडोजच्या एडिटरने ओळीच्या टोकाला ठेवलेली भेट! दोन मिनिटांत सापडलं, आणि पहिली आठवण तुमचीच झाली.

एक कबुली राहिली. तुम्हाला फोन करण्याआधी मी त्या फाइलवर सीएचमॉड (फाइलच्या परवानग्या बदलणारी आज्ञा) तीनदा चालवलं होतं. तेव्हा सांगायची लाज वाटली.

तुमचा,
रात्री साडेअकराला फोन करणारा